‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना

२०१९ च्या पुरात पंचगंगेचे पाणी आमच्या घरात शिरले. पुस्तकांचे कपाट गेले. माळ्यावर वाचली ती लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. दिवसभर चिखल उपसून संध्याकाळी मी तीच उघडी. पूर्वी या पुस्तकाने मला पोटभर हसविले होते. या खेपेस प्रश्न पडला, इतके सोसून ही बाई कडवट कशी झाली नाही?

रेव्हरंड टिळक तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे गेले. त्यांच्या अभंगांत देवाची ओढ आहे, पण कधीकधी (माझा कान मास्तराचा म्हणून असेल) उपदेशही ऐकू येतो. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि बाईंचा संसार मोडला. पाच वर्षांनी त्याही ख्रिस्ती झाल्या. मात्र त्यांची कृतज्ञता मला प्रार्थनेपेक्षा स्वयंपाकघरात दिसते. नवऱ्याने होते नव्हते ते वाटून टाकलेले, आणि बाई पोरक्या पोरांना वाढताहेत. उद्याची काळजी आहे, नवऱ्यावर चिडणेही आहे. देव मात्र आजच्या ताटापाशी बसलेला.

१९१९ साली टिळक गेले. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ बाईंनीच पुढे लिहिले. लहानपणी शाळेचे तोंडही न पाहिलेली बाई! आणि मी मॅट्रिक झालेला मास्तर, भिंतीवरची पुराची रेघ पाहत बसलो होतो.