‘समाजस्वास्थ्या’तील शंका आणि बीडमधील मौन

एखाद्या नियतकालिकाची योग्यता ठरविताना त्याचे संपादक कोण, लेखक कोण व भाषा कशी, एवढे पाहून थांबण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. वाचकाने त्या नियतकालिकास काय विचारले, याची दखल टीकाकार सहसा घेत नाहीत. रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाच्या बाबतीत मात्र हा प्रघात मोडल्यावाचून त्याचे खरे मोल हाती येणार नाही, असे आम्हांस वाटते. जुलै १९२७ मध्ये निघालेले हे मासिक १९५३ मध्ये संपादकाचा अंत होईपर्यंत चालले. कर्व्यांचे धैर्य, त्यांचा बुद्धिवाद, त्यांनी सोसलेली हलाखी व त्यांच्यावरील खटले यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु धैर्य हा माणसाचा गुण झाला. त्या माणसाने मराठी गद्यास काय दिले, हा प्रश्न त्याहून वेगळा आहे.

कर्वे गणिताचे प्राध्यापक होते, ही गोष्ट त्यांचे गद्य वाचताना क्षणभरही विसरता येत नाही. गृहीत काय धरले, त्यातून काय निष्पन्न झाले व कोणती पायरी गळली, हे ते वाचकासमोर उघडे मांडतात. उपमा नाही, आळवणी नाही, धर्मग्रंथांच्या वचनांचा आधार तर मुळीच नाही. देहाच्या अवयवास त्याच्या नावाने संबोधावयाचे, आणि ते नाव उच्चारल्याबद्दल क्षमा मागावयाची नाही, एवढा त्यांचा शैलीविषयक नियम होता. ज्या भाषेत स्त्रीच्या मासिक धर्मास ‘कावळा शिवला’ असे म्हणून सारे घर मोकळे होत असे, त्या भाषेत हा नियम पाळणे ही सामान्य गोष्ट नव्हे. कामसुख व संतती या दोन गोष्टी विचारात वेगळ्या करता येतात, आणि त्या सुखावर पुरुषाइतकाच स्त्रीचाही हक्क आहे, हे त्यांनी ज्या शांतपणे लिहिले, त्या शांतपणाने तत्कालीन वाचकास मजकुराहूनही अधिक धक्का दिला असावा.

तथापि या मासिकाचा वाङ्मयीन गाभा आम्हांस त्यातील प्रबंधांपेक्षा प्रश्नोत्तरांत दिसतो. वैद्यापुढे, मित्रापुढे, पत्नीपुढे जे बोलवत नाही ते वाचक येथे पत्राने विचारीत, आणि संपादक उत्तर देत. उपदेशाच्या लेखात लेखक वर असतो व वाचक खाली. शंकासमाधानात पहिला शब्द वाचकाचा असतो. त्याला कोठे दुखते, त्याच्या मनात कोणती भीती आहे, हे त्याच्या शब्दांत आधी येते आणि ज्ञानाला त्या ठिकाणी जावे लागते. संतवाङ्मयातील गुरुशिष्यसंवाद ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकला, त्यास हे रूप परके वाटण्याचे कारण नव्हते. येथे संवादाचा विषय आत्मा नसून देह होता, इतकाच फरक.

आणि खटलाही नेमका याच भागावर झाला. वाचकांच्या कामविषयक शंकांना दिलेली उत्तरे अश्लील ठरवून १९३४ साली कर्व्यांवर फिर्याद झाली. त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले. कामविषयावर लिहिलेले सर्व अश्लील ठरत नाही, आणि लोकांच्या मनात विकृती असलीच तर ती ज्ञानानेच दूर होईल, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. न्यायालयाने तो मानला नाही व दंड झाला. या निकालाचा वाङ्मयीन अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे. प्रबंध एक वेळ खपून गेला असता. सामान्य माणसाने शंका विचारावी आणि तिला छापील उत्तर मिळावे, हे समाजास सोसवले नाही.

आता दोषांकडे वळू. कर्व्यांचा उपरोध कित्येकदा विषयापेक्षा प्रतिपक्षाला ठेचण्यातच रमतो, आणि भित्रा वाचक त्यामुळे दुरावतो. त्या काळच्या सर्वच संततिनियमनाच्या चळवळीवर सुप्रजाशास्त्राची जी छाया होती, तिच्यातून तेही मुक्त नव्हते. याहून मोठी मर्यादा वाचकवर्गाची. ज्याला वाचता येते, जो वर्गणी भरू शकतो, ज्याच्या घरी टपाल पोचते, त्यालाच शंका विचारण्याचा हा मार्ग मोकळा होता. कर्व्यांना याची जाणीव नव्हती असे नाही. मासिकाच्या सहा वर्षे आधी, १९२१ मध्येच, त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले होते; ‘संततिनियमन’ हे पुस्तक १९२३ चे. प्रत्यक्ष साहाय्य आधी व मासिक मागाहून, असा हा क्रम आहे. पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या विधिमंडळात स्वतंत्र मजूर पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या साधनांविषयी ठराव मांडला, तेव्हा हा प्रश्न कष्टकरी स्त्रीच्या दारापर्यंत नेण्याचा प्रयत्न झाला. तो ठराव फेटाळला गेला.

त्या दाराशी आज काय आहे, हे पाहावयाचे तर बीड जिल्ह्यात जावे लागते. आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी या तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून उचल आधी घेतलेली असते आणि ती अंगमेहनतीने फेडावयाची असते. काम चुकले की ‘खाडा’ पडतो व त्याचा दंड द्यावा लागतो. फडाशेजारच्या कोपीत पुरेसे पाणी नाही, आडोसा नाही. पाळीच्या दिवसांतही मोळी डोक्यावरून उतरत नाही. अशा राहणीत अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे ही दुखणी जडतात. त्यांपैकी बहुतेक साध्या औषधांनी बरी होण्याजोगी असतात. परंतु गावातील आशा कार्यकर्ती, सरकारी दवाखाना, नोंदवही हे सर्व गावात राहते आणि बाई सहा महिने फडावर असते. दुखणे अंगावर काढून ती परत येते, तेव्हा खासगी दवाखान्यात तिला एकच उपाय सांगण्यात येतो.

२०१९ मध्ये हा प्रकार वृत्तपत्रांतून गाजला. विधान परिषदेच्या सदस्या नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा जणींत एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण देशभर शंभरात तीनच्या आसपास होते. वयोगटांतील फरक जमेस धरला तरी ही तफावत भयंकर आहे. कित्येकींची चाळिशीही उलटलेली नव्हती. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले गेले की ऋतुनिवृत्ती अकाली येते, हाडे ठिसूळ होतात, आणि तीच बाई पुढच्या हंगामात पुन्हा मोळी उचलते. शस्त्रक्रियेचा खर्चही पुष्कळदा नव्या उचलीतूनच भागतो.

टीकाकाराचे येथे काय काम, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, या साऱ्या अनर्थाच्या मध्यभागी एक मराठी वाक्य उभे आहे, आणि वाक्य तपासणे हे टीकाकाराचेच काम आहे. ‘पिशवी खराब झाली आहे, ठेवली तर कॅन्सर होईल,’ अशा धाटणीचे ते वाक्य आहे. त्यातील ‘पिशवी’ हा शब्द पाहा. घरगुती, सोपा, कोणालाही कळणारा. परंतु पिशवी ही भरून आणावयाची व फाटली की टाकावयाची वस्तू होय. दोन-तीन मुले झाली की ती रिकामीच. मग ठेवून काय करावयाचे? शरीरातील एका अवयवाचा शरीराच्या इतर व्यवहारांशी असलेला संबंध या एका शब्दाने तोडून टाकला. कर्व्यांच्या काळी शब्दच नव्हता म्हणून अज्ञान होते; येथे शब्द आहे आणि तोच अज्ञानाचे साधन झाला आहे. ‘खराब’ म्हणजे नेमके काय झाले, औषधाने बरे होईल काय, तपासणी कोणती केली, काढल्यावर काय होईल, हे चार प्रश्न त्या वाक्यानंतर यावयास हवे होते. ते आले नाहीत, कारण ते विचारता येतात हेच त्या बाईला कोणी सांगितले नव्हते.

आणि हे घडते तो प्रदेश मराठी वाङ्मयाच्या उगमाजवळचा आहे. याच जिल्ह्यातील अंबाजोगाईस आद्यकवी मुकुंदराजांची समाधी दाखवितात. संस्कृतातले ब्रह्मज्ञान मराठीत आणणाऱ्या ‘विवेकसिंधू’चा काळ परंपरेने शके १११० मानला जातो. त्याच गावी दासोपंतांनी देहाच्या पंचमहाभूतांची चिकित्सा करणारे पंचीकरण लांबरुंद पासोडीवर लिहिले. सामान्य माणसास त्याच्या भाषेत सर्वोच्च ज्ञान मिळाले पाहिजे, ही प्रतिज्ञा तेथील मातीत इतकी जुनी आहे. देहाच्या तत्त्वज्ञानासाठी जी भाषा पुरी पडली, ती देहाच्या आरोग्यासाठी अपुरी आहे असे कोण म्हणेल? त्याच अंबाजोगाईस १९७४ पासून वैद्यकीय महाविद्यालयही आहे.

बीडचा गाजावाजा झाल्यावर खासगी दवाखान्यांनी अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असा निर्बंध घालण्यात आला. तो आवश्यक होता. परंतु त्यातही प्रश्न विचारणारा अधिकारीच आहे. बाई पूर्वीप्रमाणेच गप्प. परवानगीचा कागद चाकूस अडवील, भीतीस अडविणार नाही. त्यासाठी फडावर तपासणारी परिचारिका हवी, कोपीजवळ पाणी व आडोसा हवा, खाड्याचा दंड जावयास हवा. आणि या सर्वांबरोबर, जिच्याजवळ मनातले विचारता येईल अशी माहीतगार बाई हवी, जी गर्भाशयास गर्भाशय म्हणेल आणि त्याचे काम समजावून सांगेल.

‘समाजस्वास्थ्या’ची थोरवी गाताना आपण मध्यमवर्गीय वाचक एक गोष्ट विसरतो. त्या मासिकाने दिलेले धैर्य आपल्या घरांत कधीच मुरले. आज आपल्या मुली वैद्यास उलट प्रश्न विचारतात, दुसऱ्या वैद्याचे मत घेतात, आणि त्यात काही विशेष आहे असे त्यांस वाटतही नाही. कर्व्यांनी दंड भरला तो या साधेपणासाठी. ज्या बाईच्या कोयत्याने तोडलेल्या उसाची साखर आपल्या चहात रोज पडते, तिच्यापर्यंत मात्र तो साधेपणा शंभर वर्षांतही गेलेला नाही. कर्व्यांचे अंक पुन्हा छापले जावेत, अभ्यासले जावेत, ही इच्छा आमचीही आहे. पण त्यांतील प्रश्नोत्तरांचे पान ज्या दिवशी उसाच्या फडावर तोंडी सुरू होईल, त्या दिवशी त्या मासिकाचे राहिलेले काम हाती घेतले गेले, असे म्हणता येईल.