‘दक्षिण आशियाई’ म्हणजे नेमकं कोण?

जनुकांवरचे शोधनिबंध चाळायला लागलात की नमुन्यांच्या तक्त्यात ‘एसएएस’ ही तीन अक्षरं वारंवार भेटतात. साउथ एशियन, म्हणजे दक्षिण आशियाई. पेट पास होऊन आराखडा लिहायला बसलो की आपणही हा शब्द तसाच उचलतो. त्याआधी त्याच्या आत कोण आहे ते बघू.

हे लेबल ‘थाउजंड जीनोम्स’ प्रकल्पामुळे रुळलं. २०१५ च्या अंतिम निकालात २६ समूहांतली २५०४ माणसं आहेत, पाच मोठ्या गटांत विभागलेली. दक्षिण आशियाई गट ४८९ जणांचा: ह्यूस्टनचे गुजराती, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशातले बंगाली, ब्रिटनमधले तेलुगू आणि श्रीलंकन तमिळ. मराठी नाहीत, हे एक वेळ सोडून देऊ. पण भारतात घेतलेला एकही नमुना यात नाही. नाव अख्ख्या उपखंडाचं आणि माणसं एवढीच.

आता हे लेबल घेऊन हिमायतनगर तालुक्यात या. इथे आंध आहेत, बंजारा तांडे आहेत, मराठा, मुस्लिम, बौद्ध आहेत. शेजारच्या किनवटात गोंड आणि कोलाम. गोंडी-कोलामी द्रविड कुळातल्या भाषा, तर बंजाऱ्यांची गोरबोली राजस्थानीच्या जवळची. लग्नं बहुतेक आपापल्या समाजातच. अशा लग्नांचा परिणाम जनुकांतही दिसतो. हैदराबादच्या सीसीएमबीच्या सहभागाने २००९ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात भारतातल्या समूहांमधले जनुकीय फरक युरोपातल्या समूहांपेक्षा जास्त निघाले. म्हणजे लेबल मूळ सांगायलाही मोघमच आहे.

ओळखीचा प्रश्न तर वेगळाच. तांड्यावर विचारलंत तर उत्तर ‘गोर’ असं येईल, ‘आशियाई’ नाही. सरकारी कागदावर हाच समाज महाराष्ट्रात विमुक्त जाती, तेलंगणात अनुसूचित जमाती, कर्नाटकात अनुसूचित जाती. सीमेपलीकडे सोयरे तेच, प्रमाणपत्र वेगळं. राज्य बदललं की प्रवर्ग बदलतो, तिथे खंडाच्या नावाने ओळख कशी सांगणार?

मग लेबल फेकून द्यायचं का? नाही. साठलेल्या माहितीची ढोबळ वर्गवारी म्हणून ते चालतं. घोटाळा होतो तो त्याला समाजाचं नाव समजल्यावर. वजनाचंच उदाहरण घ्या. आशियाई लोकांसाठी बीएमआय २३ ही सावधगिरीची रेषा आपण पाठ करतो. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्ये स्पष्ट म्हटलं होतं की वेगवेगळ्या आशियाई लोकसमूहांत धोका २२ ते २५ यांमध्ये कुठेही सुरू होतो, सगळ्यांना एकच रेषा लावता येत नाही. मूळ लेखातली ही सावध अट आपल्या नोट्समधून गळून जाते.

तेव्हा आराखड्यात तीन रकाने वेगळे ठेवा: माणूस स्वतःला काय म्हणवतो, सरकारी प्रवर्ग कोणता, आणि जनुकीय मूळ (ते तपासलं असेल तरच). ‘दक्षिण आशियाई’ लिहायचंच असेल तर लगेच पुढच्या ओळीत लिहा: कुठल्या गावचे, कुठल्या समाजाचे, किती जण. गाइड विचारतील, एवढं कशाला? सांगा, हिमायतनगरच्या तांड्यावरचे निष्कर्ष ह्यूस्टनच्या नमुन्यावरून काढायचे नाहीत म्हणून.