नवे बिऱ्हाड आणि धाकटा गुप्तहेर

गुप्तहेरकथेस आपल्या समीक्षेने कधी पंक्तीस बसविले नाही. बालवाङ्मयास बसविले, तरी त्याचे पान मात्र निराळे मांडले. साहजिकच, जी कथा गुप्तहेराचीही आहे आणि मुलांसाठीही आहे, तिच्याकडे फारसे कोणी फिरकलेच नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, वाचकांनी त्या अभ्यासाच्या पुस्तकात दडवून वाचल्या. पण त्यांच्याविषयी बोलताना आपला सूर अजूनही कौतुकाचा कमी आणि क्षमायाचनेचा अधिक असतो. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवर आपण सर्वांनी प्रेम केले. त्याची चिकित्सा करण्याचे कष्ट मात्र क्वचितच घेतले. त्या सर्व वाङ्मयाचा आढावा घेण्याचा येथे हेतू नाही. या प्रकारातील एकच कथासूत्र घेऊन त्याचा विचार करावयाचा आहे, आणि तोही आपल्यासारख्या बदलीच्या गावी राहणाऱ्यांच्या दृष्टीने.

ते सूत्र सर्वांच्या परिचयाचे आहे. गावाच्या टोकाला वर्षानुवर्षे कुलूप लागलेले एक घर असते. एके दिवशी तेथे नवे बिऱ्हाड येते. खिडक्या दिवसाही मिटलेल्या, दूधवाल्याला उंबरठ्यावरूनच निरोप, आणि रात्री अपरात्री दाराशी गाडी थांबल्याचा आवाज. वडील माणसे 'असतील कोणी' म्हणून विषय सोडून देतात. तेरा-चौदा वर्षांचा एखादा मुलगा तो सोडीत नाही. तो पाळत ठेवतो, संकटात सापडतो, आणि शेवटी नवे शेजारी हे खरोखरच बदमाष होते असे सिद्ध करून फौजदारांची शाबासकी मिळवितो. अमेरिकेत १९२७ पासून हार्डी बंधूंनी आणि १९३० पासून नॅन्सी ड्रूने, इंग्लंडात १९४२ पासून एनिड ब्लायटनच्या पाच जणांनी हे आणि याच्या जवळचे उद्योग अखंड केले आहेत.

यातील नायकाचे वय हा योगायोग नव्हे. तेरा-चौदा वर्षांचे मूल लहानांत मोडत नाही आणि मोठ्यांत त्याची गणती होत नाही. ते कुंपणावर तासभर बसून राहिले तरी कोणास वावगे वाटत नाही. त्याच्यापाशी रिकामा वेळ असतो, सायकल असते, आणि न्यायान्यायाविषयी एक निष्ठुर निश्चितपणा असतो, जो आपण पुढे नोकरीत शिरताना कोठेतरी ठेवून येतो. या वयाचा हा लाभ ज्या लेखकास कळला त्याची कथा उभी राहते. २०१७ साली 'फास्टर फेणे' चित्रपट निघाला तेव्हा नायकास वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या वयाचा केला गेला. चित्रपट चातुर्याने रचलेला आहे. परंतु त्या वयाचा तरुण कोणाच्याही नजरेत भरतो. ज्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही अशा साक्षीदाराचे मूळ सामर्थ्य तेथे हातचे गेले, असे माझे मत आहे.

या सूत्राकडे मी नव्याने पाहू लागलो त्याचे कारण घरगुती आहे. चंदीगडच्या कचेरीत बदली झाल्यावर आम्ही झिरकपुरास बिऱ्हाड केले. झिरकपूर चंदीगडच्या उंबरठ्यावर असले तरी ते पंजाबच्या मोहाली जिल्ह्यात मोडते. अंबाला, पतियाळा आणि शिमल्याकडचे रस्ते येथे एकत्र येतात. पूर्वी हे खेडेच होते. आता लोहगड, ढकोली, बलटाणा या गावांच्या शेतांवर इमारतींच्या रांगा उभ्या आहेत. आमच्या सामानाचा ट्रक आला तेव्हा तळमजल्यावरचा एक मुलगा वही घेऊन जिन्यापाशी उभा होता. पुढे त्याच्या वडिलांनी हसत हसत सांगितले, की त्याने ट्रकचा महाराष्ट्राचा क्रमांक टिपून घेतला होता, खोकी मोजली होती आणि एका लांबट पेटीविषयी खास शेरा लिहिला होता. त्या पेटीत माझ्या पत्नीचा तंबोरा होता. आम्हीही हसलो. माझी तेरा वर्षांची कन्या हसली नाही. ती तेव्हा फास्टर फेणेची पुस्तके एकामागून एक वाचीत होती. तिने विचारले, "बाबा, फास्टर फेणे या इमारतीत राहत असता, तर त्यानेही आपल्यावर पाळत ठेवली असती का?"

तिची ही चौथी शाळा होती. प्रत्येक ठिकाणी नवे बिऱ्हाड म्हणजे आम्हीच होतो. ज्या कथा वाचून ती वाढत होती त्या कथांत आमची जागा खलनायकाच्या घरात होती, ही गोष्ट तिला माझ्या आधी उमगली. या प्रश्नास उत्तर देण्यासाठीच प्रस्तुत लेख लिहिला आहे.

नवख्या माणसाचा संशय हा गावाच्या जुन्या व्यवस्थेचा भाग आहे. आपल्याकडे पाटील आणि रामोशी, तर पंजाबात पावलांचे ठसे पाहून चोराचा माग काढणारा खोजी, हे सर्व गाव आपले आणि बाहेरचा परका हे गृहीत धरूनच काम करीत. ही व्यवस्था मोडली म्हणजे काय होते ते अगाथा ख्रिस्तीने 'अ मर्डर इज अनाउन्स्ड' या १९५० सालच्या कादंबरीत मार्मिकपणे दाखविले आहे. तिची वृद्ध मिस मार्पल म्हणते त्याचा मथितार्थ असा, की पूर्वी गावात कोण कोठला हे सर्वांना ठाऊक असे, नवे कुटुंब आले तर ओळखीच्या माणसाचे पत्र घेऊन येई. आता महायुद्धानंतर लोक येतात, घर घेतात, आणि ते स्वतःविषयी जे सांगतील तेवढेच आपल्याला कळते. इंग्लंडातील एका खेड्याचे हे दुःख वाचताना मला या प्रदेशाचे स्मरण होते. १९४७ साली पूर्व पंजाबातील कितीतरी गावांचे जुने शेजारी एका ऋतूत निघून गेले आणि त्यांच्या घरांत पश्चिम पंजाबातून आलेली, सर्वस्व गमावलेली कुटुंबे राहू लागली. लाहोर गेले म्हणून चंदीगड वसविण्यात आले, आणि ज्यांच्या जमिनींवर ते वसले त्या खेडुतांच्या दृष्टीने तर अवघे शहरच नवे बिऱ्हाड होते. अशा भूमीत 'नवा म्हणून संशयित' हा न्याय लावू गेल्यास निरपराध कोण उरेल?

आता फास्टर फेणेकडे वळू. भागवतांचा जन्म १९१० साली इंदुरास झाला, म्हणजे तेही मूळचे आपल्याच बृहन्महाराष्ट्रातले. 'बालमित्र' चालविणारा, ज्यूल व्हर्नला मराठी मुलांच्या भेटीस आणणारा हा लेखक २००१ साली निवर्तला. त्यांनी निर्माण केलेला बनेश फेणे हा फुरसुंगीचा हाडकुळा पोर, शिकावयास पुण्याच्या विद्याभवनात आलेला. फुरसुंगी तेव्हा पुण्याबाहेरचे खेडे होते. आज तेही झिरकपुरासारखेच शहराच्या वस्तीने वेढले आहे. या तपशिलाचे महत्त्व आपण पुरेसे ओळखले नाही. इंग्रजी कथांतील मुले बहुधा आपल्या हक्काच्या घरातून, सुट्टीतल्या सुखवस्तू निवांतपणातून बाहेरच्या जगाकडे पाहतात. बनेश मुळातच बाहेरून आलेला आहे. पुण्यात नवा तोच आहे. नवखेपणाचा आळ दुसऱ्यावर घेण्याची सोय त्याच्या निर्मात्याने त्याला ठेवलेलीच नाही.

म्हणून फेणेचे डोळे माणसाच्या बोलीवर किंवा वेषावर न खिळता हालचालीवर खिळतात. त्याची सुप्रसिद्ध 'टॉक्' ही जिभेची टिचकी वाजते ती कोणी परका दिसला म्हणून नव्हे. काहीतरी जुळत नाही, किंवा एकदम जुळले, असे ध्यानात आल्यावर ती वाजते. अर्थात भागवतांच्या सर्वच पुस्तकांत हा समतोल सारखा आहे असे म्हणता येणार नाही. योगायोगांचा त्यांना लळा आहे, आणि कथेचा वेग वाढला की तर्काची सायकल मागे पडते. १९६२च्या चिनी आक्रमणाच्या पार्श्वभूमीवर फेणेस त्यांनी नेफाच्या आघाडीवर नेले. तेथे साहस आहे, परंतु शत्रू आधीच ठरलेला असल्यामुळे तपासास वाव राहत नाही. फेणे खऱ्या अर्थाने फेणे असतो तो निष्कर्ष अजून हाती आलेला नसताना.

याच सुमारास, १९६५ साली, बंगालीत सत्यजित राय यांनी 'संदेश' मासिकात फेलूदाची पहिली कथा लिहिली. तिचा निवेदक तोपशे हा तेरा-साडेतेरा वर्षांचाच आहे. दार्जिलिंगच्या एका वृद्ध गृहस्थांस धमकीचे पत्र येते, आणि त्यांच्या घरात नव्याने राहावयास आलेला भाडेकरूच ते लिहिणारा ठरतो. वरवर पाहता आपले सूत्रच सिद्ध झाले. पण राय यांची खुबी पुढे आहे. हा भाडेकरू म्हणजे त्या गृहस्थांचा शाळासोबती. शाळेतल्या धावण्याच्या शर्यतीत त्यांनी त्याच्याशी केलेल्या दुष्टाव्याची ही उशिराची परतफेड असते. संशय नव्या माणसापासून निघतो आणि यजमानाच्या जुन्या अपराधापाशी येऊन थांबतो. हार्पर ली यांची १९६० सालची 'टू किल अ मॉकिंगबर्ड' ही गुप्तहेरकथा नव्हे. परंतु तेथेही मुले शेजारच्या बंद घरातील माणसास भयंकर ठरवितात, त्याला बाहेर काढण्याचे नाना उपाय योजतात, आणि अखेर तोच त्यांचे प्राण वाचवितो. तपास खरा असेल तर त्याला चुकण्याची मुभा असावी लागते, हे या दोन्ही कृतींवरून ध्यानात येते. ज्या कथेत संशयित निर्दोष निघण्याची शक्यताच नाही, तिच्यातील शोध लटका होय.

येथवरचा विचार केवळ रंजनाचा वाटेल, म्हणून मराठीतील आणखी दोन पुस्तकांकडे लक्ष वेधतो. १८७१ साली ब्रिटिश सरकारने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविणारा कायदा केला. तो प्रथम ज्या प्रांतांना लागू झाला त्यांत पंजाबही होता. हजेरी द्यावयाची, परवान्याशिवाय हालावयाचे नाही, आणि कोठेही चोरी झाली की प्रथम त्यांचीच पाले झडावयाची. स्वतंत्र भारतात १९५२ साली तो रद्द झाला. लोकांच्या मनातून मात्र तो तितक्या लवकर गेला नाही. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ साली प्रसिद्ध झाले. दोहोंस साहित्य अकादेमीचा पुरस्कार लाभला. 'उपरा'मधील कैकाडी कुटुंब गाढवांवर संसार लादून, टोपल्या विणीत गावोगाव फिरते. गावकुसाबाहेर उतरलेले ते नवे बिऱ्हाडच आहे. आपल्या बालगुप्तहेराने दुरून ज्यांच्यावर पाळत ठेवली असती, त्यांच्या पालातील मुलगा या पुस्तकात आपली हकीकत स्वतः सांगतो. 'उचल्या'त तर चोरी नाकारलेलीच नाही. ती का घडते आणि तिच्या नावाखाली घरातील बायका-मुलांवर काय गुदरते, ते सांगितले आहे.

ही पुस्तके मुलांच्या रहस्यकथांशेजारी ठेवणे कोणास विजोड वाटेल. मला ती एकाच प्रश्नाच्या दोन बाजू वाटतात. गावाने बाहेरच्याकडे पाहणे एका बाजूस, बाहेरच्याने गावाकडे पाहणे दुसऱ्या बाजूस. आपल्या बालवाङ्मयाने पहिली बाजू रंगविली, दलित व भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांनी दुसरी. या दोहोंचा सांधा जोडणारी किशोरवयीन मुलांसाठीची कथा मराठीत मला तरी आढळली नाही. आम्हां बदलीवाल्यांना कैकाड्यांच्या पंक्तीस बसण्याचा अधिकार नाही हे मी जाणतो. आमच्या खिशात सरकारी ओळखपत्र असते, आमच्यावरचा संशय जिन्यावरच्या हसण्यात विरून जातो. त्यांच्यावरचा ठाण्यात जाई. परंतु दर तीन वर्षांनी नवखे होण्याचा अनुभव आमच्या मुलांपाशी आहे, आणि अशी कथा लिहावयास तेवढे भांडवल पुरेसे आहे. बृहन्महाराष्ट्रातील लेखकांकडून तिची अपेक्षा करावी असे मला वाटते.

कन्येच्या प्रश्नाचे उत्तर मी तिला दिले ते असे, की फेणेने पाळत जरूर ठेवली असती. त्याचा तो स्वभावच आहे. मात्र पेटी उघडल्याशिवाय त्याने शेरा लिहिला नसता. हे उत्तर तिला पूर्णपणे पटले नाही. "तळमजल्यावरच्याने तरी पेटी कुठे पाहिलीय?" असे म्हणून ती खाली गेली आणि त्या मुलास घेऊन आली. त्याने तंबोरा पाहिला, हळूच एक तार छेडली, आणि वहीतला जुना शेरा न खोडता त्याच्याखाली आजची तारीख घालून नवी नोंद केली.