‘येथे वाहने उभी करू नयेत’ : एक रसग्रहण

मराठी शिकवण्यात माझी एकतीस वर्षे गेली. एवढ्या काळात दहावीच्या पोरांकडून मी इतक्या कवितांचे रसग्रहण करून घेतले, की आता किराणा बांधून आलेला कागददेखील मी आशय, अभिव्यक्ती आणि भाषिक सौंदर्य अशा तीन कप्प्यांत टाकून वाचतो. निवृत्त झाल्यावर पोरे सुटली, सवय काही सुटली नाही. पण आमच्या बोरीत रोज नवे वाङ्मय कुठून यायचे? परभणी-जिंतूर रस्त्यावरचे आमचे गाव. वर्तमानपत्र येते, पण ते आधी हॉटेलातल्या भज्यांखाली जाते आणि मग माझ्या हाती लागते. तेव्हा मी पाट्या वाचायला लागलो.

त्यांतली एक पाटी मला विशेष आवडायची. बाजारात पाण्याची टाकी आहे. तिच्या बुडाशी एक दांडगा नळ आहे, उन्हाळ्यात टँकर भरायचा. त्या नळाच्या डोक्यावर पत्र्याची पाटी : ‘येथे वाहने उभी करू नयेत. हुकुमावरून.’

सुटसुटीत रचना. एकही शब्द फालतू नाही. पण वाचकहो, थोडे थांबून वाचा. (थांबा म्हणालो, गाडी लावा म्हणालो नाही. हा फरक पुढे महत्त्वाचा आहे.) ‘येथे’ म्हणजे कुठे? पाटीखाली? टाकीखाली? अख्ख्या बाजारात? ‘येथे’ला सुरुवात आहे, शेवट नाही. ‘वाहने’ या अनेकवचनाने एकट्यादुकट्या मोटारसायकलीला मोकळीकच दिली आहे. ‘उभी करू नयेत’ म्हटल्यामुळे आडवी केलेली चालेल काय, हा प्रश्न उरतो, आणि बाजाराच्या दिवशी दोन-तीन सायकली तसे उत्तरही देऊन जातात. राहिले ‘हुकुमावरून’. हुकूम कोणाचा हे कोणी सांगत नाही. निनावी कर्त्याचा असा दरारा संतवाङ्मयातही सापडायचा नाही.

पाटीखाली बारा महिने वाहने असत. एकदा मी एका गड्याला पाटी दाखवली. तो म्हणाला, “आवो गुरुजी, लावली कुठं? निस्ती टेकवलीय की!”

आता कोणी म्हणेल, शब्द फसवे असतात, चिन्हे फसत नाहीत. बरे, चिन्हाकडे जाऊ. निळे वर्तुळ, लाल काठ, आणि मधून एक लाल तिरपी रेघ : हे झाले ‘गाडी लावू नका’. त्याच वर्तुळात दोन रेघांची फुली असली तर ‘थांबूसुद्धा नका’. माझ्या ओळखीतल्या शिकल्यासवरल्या माणसांना मी विचारून पाहिले. बहुतेकांचे मत असे पडले की एक रेघ म्हणजे विनंती आणि दोन रेघा म्हणजे तीच विनंती जरा डोळे वटारून. एकाने तर फुलीवरून तिथे रेल्वे फाटक असेल असा तर्क केला. आपल्याकडे ‘लावणे’ आणि ‘थांबणे’ यांच्यातली सीमारेषा एकच : ड्रायव्हर आत बसला आहे की नाही. तो आत बसून बिडी ओढत असेल, तर गाडी दोन तास जागची हलली नाही तरी ती ‘लावलेली’ नसते.

या विषयावर सरकारी वाङ्मयही आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यामागोमाग १९८९ साली रस्त्याचे नियम आले. गाडी कुठे लावू नये याची त्यांत यादी होती. वळणावर नको, पुलावर नको, फुटपाथवर नको, दुसऱ्या लावलेल्या गाडीसमोर नको, बसथांब्यापाशी नको, शाळेच्या नि दवाखान्याच्या दारात नको. आणि या सगळ्यांत एका कोपऱ्यात, आग विझवायच्या नळाची वाट अडवू नका. म्हणजे फायर हायड्रंट. हे वाचून मी चष्मा पुसला. १९८९ साली बोरीत असा नळ शोधणे म्हणजे बोरीत समुद्र शोधण्यासारखे होते. मुंबईत इंग्रजांनी असे नळ बसवले होते, पण त्यांतले पुष्कळसे पुढे रस्त्यांच्या डागडुजीत गाडले गेले किंवा कोरडे पडले. २०१७ साली त्या नियमांच्या जागी नवे नियम आले. आमच्या टाकीवरची पाटी मात्र तीच राहिली. अभिजात वाङ्मयाला कालमर्यादा नसते.

हा हायड्रंट नावाचा प्राणी मी प्रत्यक्ष पाहिला तो २०१८ साली, भाच्याकडे कॅलिफोर्नियाला गेलो तेव्हा. रस्त्याकडेला जमिनीतून वर आलेला, गुडघ्याएवढा, टोपी घातलेला बुटका. आमच्याकडे असे काही जमिनीतून वर आले असते तर तिसऱ्या दिवशी शेंदूर लागला असता आणि पाचव्या दिवशी नारळ फुटला असता. (आणि मग त्याच्यापुढे गाडी लावायची कोणाची छाती झाली असती?) तिथे शेंदूर नळाला लावत नाहीत, फुटपाथच्या कडेला लावतात. कड लाल असेल तर थांबायचे नाही. पिवळी असेल तर मालाची चढउतार. पांढरी असेल तर माणसांची. हिरवी असेल तर घटकाभर. निळी असेल तर अपंगांसाठी. भाचा हे सगळे गाडी चालवता चालवता मला सांगत होता आणि मला आपल्या काळ्या-पांढऱ्या कडा आठवत होत्या. आपल्या कडा रात्री दिसाव्यात म्हणून रंगवतात, बाकी त्यांचे काही म्हणणे नसते. तांबडा म्हणाल तर गेरू, तो झाडांच्या बुंध्याला. बुंध्याला ताजा गेरू दिसला की आमच्या गावात लोक विचारतात, “कोन येनार हाय?”

तर भाच्याला एक जागा सापडली. कड अगदी कोरी, सिमेंटच्या रंगाची. आम्ही गाडी लावून जेवायला गेलो. परत येतो तर काचेवर दंडाची चिठ्ठी. मागे झुडपात तो बुटका उभा होता!

“मामा, कड लाल नव्हती ना?” भाचा मलाच साक्षीला धरू लागला. नव्हती, हे खरे. पण तिथला कायदा म्हणतो की कड रंगवलेली असो वा नसो, नळापासून पंधरा फूट सोडायचे. मग मात्र माझ्यातला मास्तर जागा झाला. आपल्या जुन्या साहित्यशास्त्राने शब्दाच्या तीन शक्ती सांगितल्या आहेत : अभिधा, लक्षणा, व्यंजना. टाकीवरची पाटी ही अभिधा, सरळ सांगून मोकळी होते. लाल कड ही लक्षणा. आणि झुडपात उभा असलेला, तोंडातून शब्द न काढणारा बिनरंगी नळ ही शुद्ध व्यंजना! रसिकाने ओळखायचे. न ओळखले तर दंड भरायचा. भाच्याला हे समजावून सांगितले, पण त्याचे लक्ष चिठ्ठीवरच्या आकड्याकडे होते.

न्यूयॉर्कात तर ही व्यंजना आणखी पुढे गेलेली. तिथेही पंधरा फूट सोडायचे, आणि कड रंगवायची चालच नाही. २०१४ साली तिथल्या एका आकडेमोड्या गृहस्थाने दंडाच्या सरकारी नोंदी चाळल्या. एका रस्त्यावरचा एकच नळ वर्षाला हजारो डॉलर मिळवून देत होता. नळ फुटपाथजवळ, मध्ये सायकलींचा पट्टा, आणि पट्ट्याच्या अलीकडे चक्क गाडी लावायची जागा आखलेली. ही बातमी झाली आणि मग तिथली आखणी बदलली. समीक्षेने मूळ संहिता दुरुस्त झाल्याचे मला माहीत असलेले हे एकमेव उदाहरण. मराठीत अजून झालेले नाही.

आपल्याकडेही प्रयोगशील लेखन होते, नाही असे नाही. पुण्यातला पी-१, पी-२ हा प्रकार पाहा. विषम तारखेला रस्त्याच्या एका बाजूला गाडी लावायची, सम तारखेला दुसऱ्या. रचना पाहिली तर छंदोबद्ध आहे, एक आड एक. पण महिन्याच्या शेवटी यतिभंग होतो. एकतीस विषम आणि एकही विषम! एका शहरात (नाव घेत नाही, भाची तिथे नांदते) मी एकतीस तारखेच्या रात्री गाडी योग्य बाजूला लावली होती. पहाटे उठून मोठ्या दक्षतेने, शिस्त म्हणून, ती समोरच्या बाजूला नेऊन ठेवली. नऊ वाजता गाडी नव्हती. २०१९ च्या दुरुस्तीने शंभराचे पाचशे झाले होते, ते भरले, वर उचलून नेल्याचे वेगळे. चूक सर्वस्वी माझी. मराठीच्या मास्तराने गणिताच्या प्रांतात जाऊ नये.

इथपर्यंतचे सगळे मी टाकीसमोरच्या हॉटेलात पुष्कळदा सांगितले आहे. लोक हसायचे, चहा यायचा. गेल्या चैत्रातही असाच सांगत बसलो होतो, व्यंजनेपर्यंत आलो होतो. तेवढ्यात वेशीकडून आरोळी आली, “गंजी पेटली!”

कडब्याची गंजी, तिला लागून गोठा, आणि वर चैत्रातले वारे. बोरीत बंब नाही, तो यायचा बाहेरगावाहून. पण गावात पाण्याचा टँकर होता, रिकामा. ड्रायव्हरने तो सुसाट आणून टाकीखाली घातला. आणि ब्रेक मारला.

नळाच्या बरोबर तोंडाशी एक जुनी स्कूटर उभी होती. हँडल लॉक केलेली.

“कोनाची हाय रं ही?”

मी खिसे चाचपत पळालो. चावी या खिशात नाही, त्या खिशात नाही. ती टेबलावर राहिली होती, बशीशेजारी. मी परत हॉटेलाकडे पळालो. तोवर चौघा पोरांनी स्कूटर उचलून, अक्षरशः आडवी करून बाजूला टाकली. त्या चौघांतले दोघे माझ्याच हाताखालून गेलेले. फार वेळ गेला नाही. तीन मिनिटे, चार मिनिटे. टँकर भरला, गेला, गोठ्याची एक बाजू वाचली. दोन बैल सोडले होते. कालवड राहिली.

मला कोणी काही बोलले नाही. कालवडीचा धनी दुसऱ्या दिवशी भेटला, त्याने “रामराम गुरुजी” केले. मी ज्या पाटीवर दहा वर्षे बोललो तिच्याखाली गाडी माझी होती हे गावात सगळ्यांना ठाऊक होते. तो म्हणाला, “वाऱ्यानं घात केला.” त्याला माझी समजूत घालायची होती, हे मला कळले. व्यंजना मी ओळखतो.

आठ दिवसांनी मी पेंटर बोलावला. पैसे माझे.

“काय लिहू, गुरुजी?”

मी सांगितले, “आगीच्या वक्ताला टँकर इथं भरतो. गाडी लावू नका.” हुकूम वगैरे काढून टाकला. तो ‘इथं’वर थांबला. म्हणाला, “इथं म्हंजी कुठवर?”

मग मीच गेरूचा डबा घेतला. नळापासून पंधरा फूट पावलांनी मोजले, आणि वाकून जमिनीवर तांबडी रेघ ओढली, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. पोरे जमली. कोणीतरी विचारलेच, “कोन येनार हाय, गुरुजी?”

पुढच्या बाजाराच्या दिवशी बघायला गेलो. रेघेच्या आत एकही गाडी नव्हती. एक म्हातारी मात्र ऐन मध्यावर पोते पसरून बसली होती. मी पाटीकडे बोट केले.

“गाडी न्हाई लावली, बाबा,” ती म्हणाली. “कांदे हायेत. आन् टँकर आला तर म्या उठते की. मला काय हँडल लाक हाय?”

मी दोन किलो घेतले.