पोलीसपटातील पिस्तूल आणि मुंबईचे वास्तव : एक चिकित्सा

प्रस्तावना

पोलीस आणि गुन्हेगार यांच्या संघर्षावर आधारलेल्या हिंदी चित्रपटांची चर्चा करताना समीक्षकांचे लक्ष प्रामुख्याने कथानक, अभिनय आणि संवाद यांकडे असते. पात्रांच्या हातातील शस्त्र ही केवळ साहित्यसामग्रीची बाब आहे, असे गृहीत धरले जाते. वस्तुतः या चित्रप्रकारात शस्त्र हे पात्राइतकेच बोलके असते. ते कोणाच्या हातात आहे, ते कोणी दिले, त्यातून सुटलेल्या गोळीचा हिशेब कोण कोणास देतो, या प्रश्नांच्या उत्तरांतून चित्रपटाची नैतिक भूमिका स्पष्ट होते. प्रस्तुत लेखात ‘अर्धसत्य’ (१९८३), ‘अब तक छप्पन’ (२००४) व ‘शूटआउट अ‍ॅट वडाळा’ (२०१३) या तीन चित्रपटांच्या आधारे, आणि दक्षिण व मध्य मुंबईतील काही प्रत्यक्ष घटनांच्या संदर्भात, या प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

सरकारी शस्त्राचे स्वरूप

पोलीस अधिकाऱ्याचे पिस्तूल त्याच्या मालकीचे नसते. ते शासनाचे असते. शस्त्रागारातून ते नोंद करून दिले जाते, सोबतची काडतुसे मोजून दिली जातात आणि झाडलेल्या प्रत्येक गोळीचा जबाब द्यावा लागतो. गुंडाच्या हातातील शस्त्राला अशी नोंदवही नसते. मुंबईच्या गुन्हेगारी बोलीत पिस्तुलाला ‘घोडा’ म्हणतात. हा घोडा कोणाच्या तबेल्यातला, हे कोठेही लिहिलेले नसते. म्हणजे दोन्ही शस्त्रे एकाच बनावटीची असली तरी त्यांतील भेद लोखंडात नसून कागदात आहे. हा कागद पुसला गेला की पोलिसाची गोळी आणि गुंडाची गोळी यांत फरक उरत नाही. आपला बहुतांश पोलीसपट नेमका हा कागदच पडद्याबाहेर ठेवतो. पिस्तूल उपसण्याचा क्षण तो संथ गतीने दाखवतो. ते परत जमा करण्याचा क्षण मात्र त्याला दाखवावासा वाटत नाही.

‘अर्धसत्य’ : न झाडलेले पिस्तूल

श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या कथेवरून विजय तेंडुलकर यांनी पटकथा लिहिलेला आणि गोविंद निहलानी यांनी दिग्दर्शित केलेला ‘अर्धसत्य’ हा या दृष्टीने अपवाद ठरतो. त्यातील उपनिरीक्षक अनंत वेलणकर हा गणवेशधारी, सशस्त्र अधिकारी आहे. तथापि त्याच्याकडून घडणारे दोन्ही मृत्यू पिस्तुलाने होत नाहीत. कोठडीतील एका क्षुल्लक चोराचा जीव त्याच्या मारहाणीत जातो आणि अखेरीस रामा शेट्टीचा तो हाताने गळा आवळतो. निर्मात्यांनी शस्त्राला दिलेली ही बगल अर्थपूर्ण आहे. गोळीमुळे मारणारा आणि मरणारा यांच्यात अंतर निर्माण होते आणि त्या अंतरात कर्तव्याची भाषा सहज शिरते. हाताने केलेल्या हत्येत तशी सोय नाही. वेलणकरला आपल्या कृत्याला ‘कारवाई’ म्हणता येत नाही आणि म्हणूनच तो पोलीस ठाण्यात जाऊन स्वतःला स्वाधीन करतो. हिंसेचा हिशेब देणारा नायक या चित्रप्रकारात क्वचितच आढळतो.

‘अब तक छप्पन’ : हिशेबाची उलटापालट

१९८३ ते २००४ या दोन दशकांत मुंबई बदलली. ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्याच्या आंबेडकर महाविद्यालयाजवळ मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळीबारात ठार झाला. मुंबईतील पहिली ‘चकमक’ म्हणून या घटनेचा उल्लेख केला जातो. त्यानंतर अवघ्या आठवड्याने, १८ जानेवारीस, सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. या दोन घटनांत कार्यकारणभाव नाही. परंतु परळ-लालबागच्या पुढील इतिहासात त्यांचे धागे एकमेकांत गुंतले. गिरण्यांच्या जमिनींना सोन्याचे मोल आले आणि वादांच्या निकालासाठी बंदूक वापरली जाऊ लागली. १९९४ साली खटाव मिलचे सुनीत खटाव आणि १९९७ साली कामगारनेते डॉ. दत्ता सामंत यांची गोळ्या झाडून हत्या झाली. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ नाटकावर आधारलेल्या महेश मांजरेकर यांच्या ‘लालबाग परळ’ (२०१०) या चित्रपटात चाळीतील तरुणाच्या हाती शस्त्र कसे येते याचे चित्रण आहे. तेथे ते बेकारीच्या पाठोपाठ घरात शिरते.

शिमित अमीन यांच्या ‘अब तक छप्पन’मधील साधू आगाशे हा या काळाचा अपत्य आहे. नाना पाटेकर यांनी तो कोणताही आविर्भाव न आणता, एखाद्या अनुभवी कारकुनाच्या सहजतेने साकारला आहे. शीर्षकातील आकडा हा त्याने मारलेल्या माणसांचा आहे, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. शस्त्रागाराच्या नोंदवहीत गोळ्या मोजल्या जातात, या चित्रपटात मृत मोजले जातात. हीच संख्या सहकाऱ्याच्या मत्सराचे कारण होते आणि हीच संख्या पुढे साधूवर उलटते. चित्रपटाचे श्रेय असे की चकमक ही नोकरीतील बढाईची आणि वरिष्ठांच्या सोयीची बाब कशी बनते, हे तो दाखवतो. त्याची मर्यादा अशी की साधूविषयीची सहानुभूती त्याला इतकी प्रिय आहे की, छप्पनांपैकी किती जण खरोखर प्रतिकार करत होते, हा प्रश्न तो पुरेशा गांभीर्याने विचारत नाही.

मृताच्या हातातील शस्त्र

संजय गुप्ता यांच्या ‘शूटआउट अ‍ॅट वडाळा’मध्ये तर शस्त्राचे रूपांतर निव्वळ नेत्रसुखात होते. ज्या घटनेचा दोन वाक्यांचा पंचनामाही वादग्रस्त ठरू शकतो, तिला येथे शौर्यनृत्याचे रूप येते. प्रेक्षक गोळ्यांचा आवाज घेऊन बाहेर पडतो, प्रश्न घेऊन नव्हे.

वास्तविक चकमकीच्या बातमीतील सर्वांत महत्त्वाचे शस्त्र हे मृताच्या हातात सापडलेले असते. ‘त्याने प्रथम गोळीबार केला, पोलिसांनी स्वसंरक्षणार्थ प्रत्युत्तर दिले’ या ठरीव वाक्याचा संपूर्ण भार त्या एका गावठी कट्ट्यावर असतो. तो कट्टा मृताचाच होता काय, याची शहानिशा हा न्यायाचा गाभा आहे. १९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकींत सुमारे १३५ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांच्या सत्यासत्यतेचा प्रश्न पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने न्यायालयात नेला. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी दिलेल्या निकालात अशा प्रत्येक मृत्यूचा स्वतंत्र तपास, संबंधित पोलिसांची शस्त्रे न्यायवैद्यक तपासणीसाठी जमा करणे आणि घटनेनंतर तत्काळ शौर्यपदक अथवा बढती न देणे, असे निर्देश दिले. न्यायालयाला जे शस्त्र तपासावेसे वाटते, ते चित्रपटाला केवळ मिरवावेसे वाटते. या दोन दृष्टींतील अंतर हीच आपल्या पोलीसपटाची खरी समस्या होय.

यावर एक आक्षेप संभवतो. खंडणीच्या फोनने धास्तावलेल्या १९९०च्या दशकातील नागरिकाला न्यायालयांचा विलंब असह्य झाला होता आणि पडद्यावरील चकमकीला मिळणाऱ्या टाळ्यांमागे ती खरी भीती होती, हे नाकारता येत नाही. परंतु भीतीचे प्रामाणिक चित्रण करणे वेगळे आणि तिच्या आधारे तपासाचा प्रश्नच गैरलागू ठरवणे वेगळे. पहिले कलेचे काम आहे, दुसरे प्रचाराचे.

गिरगाव चौपाटीवरील लाठी

पडद्यावरील मुंबई पोलीस अत्याधुनिक पिस्तुले परजत असताना प्रत्यक्षातील पोलिसाकडे काय होते, हे नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यात उघड झाले. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अनेकांच्या हाती थ्री-नॉट-थ्री रायफली आणि लाठ्या होत्या. ब्रिटिश सैन्यात या जातीच्या रायफली विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाल्या होत्या. त्या रात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याचे सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्याकडे केवळ लाठी होती. त्यांनी कसाबच्या एके-४७ची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली, गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या आणि आरोपी जिवंत पकडला गेला. २००९ साली त्यांना मरणोत्तर अशोकचक्र प्रदान करण्यात आले.

या घटनेचा अर्थ पोलीसपटाच्या व्याकरणाला पेलणारा नाही. त्या व्याकरणात विजय म्हणजे शत्रूचा मृत्यू. येथे मात्र विजय म्हणजे शत्रूचे जिवंत राहणे होते, कारण त्यामुळेच खटला चालला, पुरावे तपासले गेले आणि न्यायालयाचा निकाल लागला. मुंबई पोलिसांच्या इतिहासातील सर्वोच्च शौर्याची कृती ही एकही गोळी न झाडता केलेली अटक आहे, ही बाब चकमकीचे गौरवीकरण करणाऱ्या प्रत्येक चित्रपटाला दिलेले मूक उत्तर होय.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की पोलीसपटातील शस्त्राचे मूल्यमापन त्याच्या बनावटीवरून अथवा त्याच्या हाताळणीतील तांत्रिक अचूकतेवरून करणे अपुरे आहे. ‘अर्धसत्य’ शस्त्र बाजूला ठेवून हिंसेची जबाबदारी दाखवतो. ‘अब तक छप्पन’ त्या जबाबदारीची झीज दाखवतो आणि ‘शूटआउट अ‍ॅट वडाळा’ला तिचे भानही राहत नाही. हा प्रवास केवळ चित्रपटांचा नसून प्रेक्षक म्हणून आपल्या संवेदनशीलतेचाही आहे. माध्यमअभ्यास आणि साहित्य यांच्या वर्गांत हे चित्रपट शिकवताना विद्यार्थ्यांपुढे एक साधा प्रश्न ठेवणे अगत्याचे वाटते : गोळी सुटल्यानंतर पिस्तूल कोणाकडे जमा झाले? ज्या चित्रपटाकडे या प्रश्नाचे उत्तर नाही, त्याची शौर्यकथा अपूर्ण आहे, असेच म्हणावे लागेल.