दत्तकपत्राची भाषा आणि आपण

दलित साहित्याची समीक्षा कविता, कथा आणि आत्मकथन यांच्यापाशी येऊन थांबते. परंतु आपल्या माणसांच्या आयुष्यावर ज्या लेखनाची सर्वांत मोठी सत्ता चालते, ते लेखन कोणत्याही नियतकालिकात छापले जात नाही. ते मुद्रांकावर टंकलिखित होते, त्याखाली अंगठा किंवा सही होते, आणि पिढ्यांचे भवितव्य ठरते. या लेखनालाही लेखक असतो. त्याला आपण वकील म्हणतो. त्याच्या लेखनाची समीक्षा का होऊ नये?

मी बारामती एमआयडीसीच्या कामगार वस्तीत राहतो. येथे मराठवाड्यातून, सोलापूर जिल्ह्यातून, इंदापूरच्या जिरायती गावांतून आलेली माणसे आहेत. बहुतेक कंत्राटी आहेत. सही करण्यापूर्वी कागद वाचून घ्यावा म्हणून त्यांपैकी काही जण माझ्याकडे येतात. अशा रीतीने दत्तकपत्रांचे काही मसुदे माझ्या वाचनात आले. त्यांची भाषा जवळपास एकच आहे. पुत्रसंतान नाही, वंश पुढे चालावा, पितरांना पिंड मिळावा, म्हणून स्वजातीतील मूल दत्तहोमपूर्वक मांडीवर घेतले, असा त्याचा साचा. खाली ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’.

हा साचा कोठून आला? ‘दत्तकमीमांसा’, ‘दत्तकचंद्रिका’, ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथांतून. त्या शास्त्रात दत्तक ही मुलाची गरज नव्हती, ती पितरांची गरज होती. म्हणून मुलगाच हवा, मुलगी नको. म्हणून जातीबाहेरचा नको. देण्याचा अधिकार आईबापांनाच, म्हणून अनाथ मुलाला दत्तक जाताच येत नसे. ज्याला घराची सर्वांत जास्त गरज, त्यालाच दार बंद! आपल्या इतिहासाच्या पुस्तकांतही दत्तक येतो तो साताऱ्याचा आणि झाशीचा. गादी गेली म्हणून तो लक्षात राहतो. झोपडीतल्या दत्तकाला इतिहास नाही.

या शास्त्राला पहिला मोठा छेद महात्मा फुल्यांनी दिला. 1863 साली पुण्यात त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी व सावित्रीबाईंनी आपला मानला. ब्राह्मणीच्या पोटचे मूल माळ्याच्या मांडीवर, हे शास्त्राला मान्य होणे शक्यच नव्हते. जोतीरावांनी शास्त्राची मान्यता मागितलीही नाही. त्यांनी 1887 साली इच्छापत्र केले. 1890 साली त्यांच्या अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावर भाऊबंदांनी वाद घातला, तेव्हा सावित्रीबाईंनी ते स्वतः धरले. मला हे इच्छापत्र मराठीतील अत्यंत महत्त्वाचे गद्य वाटते. रक्ताशिवाय बाप होता येते, हे त्याने कायद्याच्या कागदावर लिहून ठेवले.

दुसरा छेद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. हिंदू कोड बिलात दत्तकासाठी पत्नीची संमती आवश्यक करण्यात आली होती, आणि दत्तक मुलगा आला म्हणून विधवेचे सर्वस्व जाऊ नये याचीही काळजी होती. बिल रखडले. बाबासाहेबांनी सप्टेंबर 1951 मध्ये राजीनामा दिला. पुढे त्याचे तुकडे करून कायदे झाले. त्यांतला दत्तक व पोटगीचा कायदा 21 डिसेंबर 1956 रोजी आला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर अवघ्या 15 दिवसांनी. या कायद्यात दत्तकासाठी जातीची अट नाही. मुलगीही दत्तक घेता येते. दत्तहोम आवश्यक नाही, प्रत्यक्ष देणे आणि घेणे पुरेसे आहे. बौद्धांनाही तो लागू आहे. 1962 च्या दुरुस्तीने टाकून दिलेल्या, आईबाप अज्ञात असलेल्या मुलालाही न्यायालयाच्या परवानगीने पालकामार्फत दत्तक देता येऊ लागले. आणि 2010 साली विवाहित स्त्रीला मूल देण्याघेण्याचा पुरुषाच्या बरोबरीचा अधिकार मिळाला. त्यापूर्वी आईच्या वाट्याला केवळ संमती होती.

कायदा इतका पुढे आला, परंतु मसुदा जागचा हलला नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी ज्यांनी पिंडदान करणार नाही अशी प्रतिज्ञा घेतली, त्यांचीच नातवंडे आज पितरांच्या पिंडासाठी मूल घेतले अशा कागदावर सही करतात. विटंबना पाहा. शूद्रांना दत्तहोमाची गरज नाही, असे इंग्रजी अमदानीतील न्यायालये मानीत होती. म्हणजे जुन्या कायद्याने जो होम आपल्यावर लादला नव्हता, तो आता टंकलेखकाच्या साच्याने आपल्या घरात आणला. वकील म्हणतात, भाषेने काय बिघडते, कायद्याने काम झाले म्हणजे झाले. मला हे मान्य नाही. जो खोटा हेतू माणूस स्वतःच्या सहीने लिहून देतो, तो त्याच्या मुलाच्या आयुष्यातला पहिला दस्तऐवज होतो.

परंतु खरे नुकसान याहून मोठे आहे. आपल्या समाजात बहिणीचे, भावाचे मूल शिक्षणासाठी घरी ठेवून घेण्याची रीत जुनी आहे. तिला आपण सांभाळणे म्हणतो. त्या मुलाची आई आईच राहते, सणाला मूल घरी जाते. कारखान्यात नोकरी लागली की शाळा, विमा, भविष्यनिर्वाह निधी सगळीकडे कागद मागतात. मग सांभाळाचे दत्तक होते. कायद्याने दत्तक मूल जन्मघरापासून तुटते. वैध दत्तक पुढे कोणालाच रद्द करता येत नाही. 1952 च्या भविष्यनिर्वाह निधी योजनेने तर दत्तक दिलेले मूल जन्मदात्या सभासदाच्या कुटुंबातून वगळले. हे ‘लिहून देणार’ या दोन शब्दांखाली अंगठा करणाऱ्या बाईला कोण सांगतो? मी वाचलेल्या मसुद्यांत तिच्यासाठी एक ओळ होती, आणि ती संमतीची होती. शिवाय कागद केवळ नोटरीपुढे झाला तर 16 व्या कलमाचे कायदेशीर गृहीतक मिळत नाही. त्यासाठी देणार आणि घेणार दोघांच्या सह्यांचा नोंदणीकृत दस्त लागतो.

एक आक्षेप येईल. जात मसुद्यातून काढली, तर मुलाला जातीचा दाखला कसा मिळणार? प्रश्न खरा आहे. परंतु मुलाने कोणते जगणे वाट्याला घेतले याचा पुरावा म्हणून जात नोंदवणे वेगळे, आणि मांडीवर बसण्याची पात्रता म्हणून ‘स्वजातीय’ लिहिणे वेगळे. 2022 साली मुंबई उच्च न्यायालयाने एकट्या आईने दत्तक घेतलेल्या मुलाला तिच्या अनुसूचित जातीचा दाखला देण्याच्या बाजूने निर्णय दिला. त्याच्या जन्मदात्यांची जात कोणाला ठाऊक नव्हती. ‘स्वजातीय’ या शब्दाने त्या मुलाला दारातच अडवले असते.

या साच्याचा दोष एकट्या वकिलाचा नाही. आपल्या ललित साहित्याने तोच साचा मनात रुजवला आहे. ‘मृत्युंजय’ आणि ‘राधेय’ वाचून मराठी वाचक रडला, तो क्षत्रियाचे रक्त सूताच्या घरात वाढले म्हणून. ज्या राधेने त्याला वाढवले, तिच्यासाठी किती जण रडले? ‘राधेय’ हे नाव तिचे आहे, पण सहानुभूती कुंतीकडे जाते. रक्ताला मोठे मानणारा हा वाचकच पुढे वकील होतो, कारकून होतो.

वकिलाच्या लेखणीत किती बळ असते याचेही उदाहरण आहे. परदेशी दत्तक जाणाऱ्या मुलांच्या हालांविषयी लक्ष्मीकांत पांडे या वकिलाने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. त्यातून 1984 सालचा निर्णय आला आणि मुलाचे हित हा दत्तकाचा निकष ठरला. एक पत्र! त्यात पितर नव्हते, मूल होते.

आपल्या वकिलांकडून माझी अपेक्षा यापेक्षा लहान आहे. कागदात मुलाचे नाव प्रथम यावे. आईला तिच्या भाषेत परिणाम वाचून दाखवावेत आणि तसे वाचून दाखवल्याची नोंद व्हावी. सांभाळ पुरेसा असेल तेथे दत्तकाचा सल्ला देऊ नये. पिंड, होम, वंश हे शब्द खोडावेत. आणि आपल्या लेखकांनी ही खाडाखोड वाङ्मयाचे काम समजून हाती घ्यावी.