रिस्पाचं गोणपाट

जुन्या करारातलं २ शमुवेल मी अनेकदा वाचलंय, पण रिस्पापाशी थांबले फार उशिरा. दोष थोडा निवेदकाचाही आहे. शौलाची ही उपपत्नी तिसऱ्या अध्यायात पहिल्यांदा येते, तीही दोन पुरुषांच्या भांडणात. ईश-बोशेथ अबनेरवर तिच्याशी संबंध ठेवल्याचा आरोप करतो आणि अबनेर भडकून दाविदाला जाऊन मिळतो. राज्याचं पारडं फिरतं. तिला कुणी काही विचारत नाही.

मग थेट एकविसावा अध्याय. तीन वर्षं दुष्काळ पडलाय; कारण सांगितलं जातं, शौलाने केलेली गिबोनी लोकांची कत्तल. भरपाई म्हणून दावीद शौलाच्या वंशातले सात जण त्यांच्या हवाली करतो. दोन रिस्पाचे मुलगे, पाच शौलाचे नातू. सातूची कापणी सुरू होताना त्यांना डोंगरावर लटकवतात. रिस्पा खडकावर गोणपाट पसरते आणि पाऊस पडेपर्यंत दिवसा पाखरं, रात्री जनावरं हाकलत राहते. त्या मुलखात सातू एप्रिलच्या आसपास निघतो, नेहमीचा पाऊस ऑक्टोबरात. एका वाक्यात केवढे महिने!

प्रवचनांत हिला 'आईची माया' म्हणून गुंडाळतात. मला ते पुरेसं वाटत नाही. पाच प्रेतं तिच्या मुलांची नव्हती, तरी राखण सातांचीही झाली. शिवाय 'अनुवाद' या पुस्तकात स्पष्ट नियम आहे: लटकावलेलं प्रेत त्याच दिवशी पुरावं. राजाच्या न्यायाने मोडलेला हा नियम ती तिथे बसून रोज दाखवत होती, असं मी वाचते.

स्त्रीपर्वातली गांधारी रणांगणावर विलाप करते, कृष्णाला शाप देते. रिस्पाच्या तोंडी एक शब्द नाही. (ती बोललीही असेल, कुणी टिपून ठेवलं नसेल.) पण बातमी दाविदापर्यंत पोचते. तो याबेश-गिलादहून शौल नि योनाथानाच्या अस्थी आणवतो, या सातांच्याही गोळा होतात. बाप-लेकाचं दफन बन्यामीनच्या मुलखात, किशाच्या थडग्यात होतं.

इथे निवेदकाचा हात मला दिसतो. देशासाठीची प्रार्थना देवाने ऐकली, हे वाक्य तो सात जण मेल्यावर लिहीत नाही, दफनानंतर लिहितो. दाविदाला तो दोष देत नाही. रिस्पा ते गोणपाट उचलून कुठे गेली, तेही सांगत नाही.